मॉरिशसची सहल आणि घरची आजी

शाळांच्या सुट्ट्या जवळ आल्या की मध्यमवर्गीय घरांतून जमाखर्चाच्या वह्या बाहेर निघतात. मध्यंतरी काही कामानिमित्त आम्ही वडोदऱ्यास गेलो असता दांडिया बाजारातील एका स्नेह्यांच्या घरी जो वाद ऐकला, तो आज पुष्कळ घरांत चालू असावा. म्हणून त्याची येथे दखल घेत आहोत. घरात माणसे पाच : पती-पत्नी, दोन शाळकरी मुले आणि 72 वर्षांच्या आजी. मुलांनी मॉरिशसचा हट्ट धरलेला. सहलीच्या व्यावसायिकाने दिलेला आकडा पाहून गृहस्थ हबकले होते आणि त्यांच्यापुढे दोनच वाटा उरल्या होत्या. एक तर कर्ज काढावे, नाहीतर आजींना मागे ठेवून एक तिकीट वाचवावे. 'तुम्ही या जाऊन, मी घर सांभाळते,' असे आजी हसून म्हणाल्या. त्यांच्या या समजूतदारपणानेच आम्ही अस्वस्थ झालो.

सामान्य कुटुंबाने समुद्रापलीकडे जाऊ नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण ऋण काढून सण साजरा करू नये, हा आपल्या वाडवडिलांचा दंडक आजच्या मासिक हप्त्यांच्या युगातही तितकाच खरा आहे. चार दिवसांच्या हौसेचे हप्ते वर्षभर फेडत बसण्यात शहाणपण नाही. विचारपूर्वक पाहिले तर खर्च त्या बेटापेक्षा तेथे राहण्याच्या आपल्या कल्पनेचाच अधिक असतो. भारतीय पारपत्र असणाऱ्यास मॉरिशसमध्ये पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. बेटाची लांबी सुमारे 65 किलोमीटर. सार्वजनिक बसगाड्या गावोगावी जातात आणि राजधानी पोर्ट लुईपासून क्युरपीपपर्यंत आता विजेची रेल्वेही धावते. समुद्रकाठच्या आलिशान हॉटेलाऐवजी स्वयंपाकाची सोय असलेले घर भाड्याने घेतले तर खर्चाचा मोठा भार हलका होतो. फ्लिक-आं-फ्लाक किंवा मों श्वाझी येथील सार्वजनिक किनाऱ्यांवर कोणीही जाऊन बसावे. तेथली सुरूची बने पाहून कोकणच्या माणसास आपल्याच गावी आल्यासारखे वाटेल. रस्त्यावर मिळणारी डाळपुरी म्हणजे जणू गुळावाचूनची पुरणपोळी. ऋतूचेही आपल्याला अनुकूल आहे. आपल्याकडे मे महिन्याचा वणवा पेटलेला असतो, तेव्हा तेथे सौम्य हिवाळा सुरू होत असतो. जानेवारी ते मार्च हे वादळांचे दिवस मात्र टाळावेत.

तथापि हा केवळ पैशांचा हिशेब झाला. ज्या बेटावर जावयाचे ते आपले कोण लागते, हा हिशेब कोणताच सहल-व्यावसायिक मांडून देत नाही. वडोदऱ्याच्या सुरसागर तलावात उभी असलेली महादेवाची भव्य मूर्ती तेथील मुले रोज पाहतात. मॉरिशसमधील गंगा तलावाकाठी 2007 साली उभारलेली सुमारे 33 मीटर उंचीची 'मंगल महादेव' मूर्ती हिचीच प्रतिकृती आहे. तो तलाव एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साचलेला आहे आणि महाशिवरात्रीस तेथे दूरदूरच्या गावांहून यात्रेकरू पायी येतात. याच वडोदऱ्यात 1881 साली जन्मलेले मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर गांधीजींच्या सूचनेवरून 1907 साली मॉरिशसला गेले, गिरमिटिया मजुरांची बाजू न्यायालयांत मांडू लागले आणि 1909 साली त्यांनी तेथे 'हिंदुस्थानी' हे पत्र काढले. मॉरिशसने आपल्या स्वातंत्र्यासाठी 1968 सालचा 12 मार्च निवडला. 1930 सालच्या दांडीयात्रेचा प्रारंभही याच तारखेस झाला होता.

पोर्ट लुईच्या बंदरातील आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या हे त्या बेटाचे खरे तीर्थ होय. 1834 पासून पुढे लक्षावधी भारतीय मजूर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी याच पायऱ्या चढून गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते आणि त्यांतील पुष्कळांचे मूळ आपल्या कोकणपट्टीतले. त्यांचे वंशज आज घरी क्रिओल बोलतात; पण गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकविली जाते आणि गणपतीपुढे अजूनही जाखडी नाचली जाते.

आता पुन्हा त्या आजींकडे वळू. त्यांचे माहेर मालवणकडचे. गणपतीतल्या जाखडीचे बोल त्यांना पाठ आहेत. नातवंडांना त्यातले एक अक्षरही ठाऊक नाही. मॉरिशसमधल्या एखाद्या मराठी घराच्या ओसरीवर बसून चार शब्दांची खरी देवाणघेवाण कोणी करू शकेल, तर ती आजीच. म्हणजे जिच्यावाचून ही सहल नुसती छायाचित्रांपुरती उरेल, तिलाच काटकसरीच्या नावाखाली वगळावयाचे! असल्या काटकसरीस आम्ही बचत म्हणत नाही. हॉटेलातल्या दोन रात्री कमी कराव्यात, हवे तर एक वर्ष थांबावे. पण घरातले माणूस कमी करू नये.

आणि एवढे करूनही पैसा जमलाच नाही तर? तर वडोदऱ्याहून सुमारे 50 किलोमीटरवर पावागड आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या ज्या लाव्ह्याने दख्खनचे पठार आणि आपला सह्याद्री घडविला, त्याच घडामोडीतून हा डोंगरही जन्मला. भूशास्त्रज्ञ असे मानतात की, तोच खोलवरचा उष्ण झोत पुढे, भारतभूमी उत्तरेस सरकल्यावर, हिंदी महासागराच्या तळाशी राहिला आणि त्यानेच सुमारे 80 ते 90 लाख वर्षांपूर्वी मॉरिशसला वर आणले. शेजारच्या रियुनियन बेटावर तो अग्नी अद्याप जागा आहे. पावागडचा कातळ आणि मॉरिशसचा कातळ हे असे एका कुळातले. आजींना रज्जुमार्गाने वर न्यावे, कालिकामातेचे दर्शन घ्यावे, पायथ्याचे चांपानेर पाहावे आणि मुलांना त्या दगडावर हात ठेवून ही कथा सांगावी. त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

आम्ही निघालो तेव्हा त्या गृहस्थांनी कर्जाचे कागद बाजूला सारले होते आणि ते वहीत पाच माणसांचा हिशेब नव्याने मांडीत होते. ते मॉरिशसला जातील की पावागडला, हे आम्हांस ठाऊक नाही; पण वहीतला तो पाचवा आकडा पुन्हा खोडला जाऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.