तारेत दोष हवेतच!

आमच्या बोरगाव मेघेत कुणाला डॉक्टरांनी एमआरआय सांगितला की सावंगी गाठायची. तसल्या बोगद्यासारख्या यंत्रांत बहुधा निओबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं असतं, उणे 269 अंशांच्या द्रव हेलियमनं थंड केलेलं. तार अतिवाहक, एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो. गंमत म्हणजे, ही तार अगदी निर्दोष बनवली असती तर एमआरआयच्या कामाची राहिली नसती.

कारण अशा अतिवाहकात जोरदार चुंबकीय क्षेत्र सरसकट शिरत नाही. ते शिरतं बारीक भोवऱ्यांच्या रूपात. अब्रिकोसोव्ह यांनी 1957 मध्ये हे गणितानं मांडलं (नोबेल मात्र 2003 मध्ये!). भोवऱ्यांची त्रिकोणी जाळी बनते; 1 टेस्लाला दोन शेजाऱ्यांत साधारण 49 नॅनोमीटर अंतर.

आता तारेतला प्रवाह या भोवऱ्यांना आडवा ढकलतो. भोवरा सरकला की ऊर्जा खर्ची पडते, म्हणजे रोध आला, तार तापली. त्याला अडवतात दोष. भोवऱ्याच्या गाभ्यात अतिवाहकता संपलेलीच असते, त्यामुळे ती जिथे आधीच कमजोर आहे तिथे बसणं त्याला स्वस्त पडतं. म्हणूनच कारखान्यात तार तापवून, ओढून तिच्यात टायटॅनियमचे सूक्ष्म कण मुद्दाम तयार करतात.

मग जितके दोष जास्त तितकं बरं? एवढं सरळ नाही. फार झाले तर अतिवाहकताच मरते. शिवाय भोवरे एकेकटे नसतात. शेळ्यांचा कळप बोरींच्या झुडपांतून हाकून बघा. मोकळी शेळी आपापल्या झुडपाला थांबते. पण सगळ्या एका ताठ चौकटीला बांधल्या, तर एक पुढे ओढते, दुसरी मागे, आणि चौकट सहज ढकलली जाते. ताठ जाळीचं हेच होतं. क्षेत्र वाढवत नेलं की तार एरवी कमी-कमी प्रवाह पेलते; पण काही पदार्थांत अतिवाहकता संपण्याच्या जरा आधी जाळी लिबलिबीत होते, भोवरे दोषांना नीट धरतात आणि क्षमता एकदम उसळते. याला ‘पीक इफेक्ट’ म्हणतात.

हे मुंबईत टीआयएफआरमध्ये प्रत्यक्ष पाहिलं गेलं. 2015 च्या त्या कामात निओबियम डायसेलेनाइडच्या स्फटिकात किंचित कोबाल्ट घातला होता, शंभर निओबियम अणूंमागे एकही नाही! क्षेत्र वाढवत भोवऱ्यांची चित्रं घेतली, तेव्हा जाळी दोन टप्प्यांत विस्कटली: आधी भोवऱ्यांच्या जागा चुकल्या, ओळींची दिशा टिकून होती, मग दिशाही गेली.