विजेची सायकल कुठे चालवून पाहावी?

आमच्या शेजारी राहणाऱ्या एक शिक्षिका कोथरूडहून बावधनच्या शाळेत जातात. एका बाजूने सुमारे सहा कि.मी. अंतर, मध्ये चांदणी चौकाचा चढ आणि शाळेजवळ आणखी एक लहान पण खडा चढ. दोन बस बदलण्यात सकाळचा तास जातो, म्हणून त्यांनी विजेची सायकल घ्यायचे ठरवले. दुकानासमोरच्या रस्त्यावर त्यांनी एक फेरी मारली. पायडलला पाय लावताच सायकल आपणहून पुढे झेपावली. बाई खूश झाल्या. किंमत पस्तीस हजार रुपये. विसार देण्यापूर्वी सहज विचारावे म्हणून त्या आमच्याकडे आल्या. आम्ही त्यांना एकच प्रश्न विचारला, “तुम्ही ती चालवून पाहिली, पण कुठे?”

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. प्रयोगशाळेत एखादे उपकरण तपासताना, ते ज्या परिस्थितीत वापरायचे आहे तीच परिस्थिती आपण निर्माण करतो. मीठ विरघळते की नाही हे पाहायला कोणी रॉकेल घेत नाही. सायकलच्या बाबतीत मात्र आपण दुकानासमोरचा सपाट रस्ता पुरेसा मानतो. तो का पुरत नाही, हे थोड्या आकडेमोडीने पाहू.

सपाट रस्ता काय सांगतो?

समजा, चालवणारी व्यक्ती ६० किलो, वह्यांची पिशवी ५ किलो आणि सायकल २५ किलो, असे एकूण ९० किलो वस्तुमान ताशी १५ कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर या वेगाने चालले आहे. सपाट रस्त्यावर दोनच विरोध असतात. पहिला, टायर आणि रस्ता यांच्यातील लोटण घर्षण. साधारण रस्त्यावर ते ७ न्यूटनच्या आसपास भरते. दुसरा, हवेचा विरोध. या वेगाला तो सुमारे ६ न्यूटन असतो. एकूण १३ न्यूटन. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती, म्हणून १३ × ४.२ = सुमारे ५५ वॉट.

आता माणसाची शक्ती पाहा. विशेष सराव नसलेली निरोगी प्रौढ व्यक्ती अर्धा-पाऊण तास सतत ७० ते ८० वॉट देऊ शकते. याचा अर्थ, सपाट रस्त्यावर या सायकलला मोटरची गरजच नाही! तेथे २५० वॉटची मोटर असो की तिच्या निम्म्या शक्तीची, दोन्ही सारख्याच सुखद वाटणार. चांगली सायकल आणि सुमार सायकल यांतला फरक जी चाचणी दाखवू शकत नाही, तिला चाचणी कशी म्हणावी?

चढावर काय होते?

सहा टक्के चढ घेऊ, म्हणजे १०० मीटर पुढे गेले की रस्ता ६ मीटर उंच होतो. अशा चढावर गुरुत्वाकर्षणाचा मागे ओढणारा घटक ९० × ९.८ × ०.०६ = सुमारे ५३ न्यूटन येतो. त्यात आधीचे १३ मिळवले की ६६ न्यूटन. वेग तोच ठेवायचा तर शक्ती लागेल सुमारे २७७ वॉट. सपाट रस्त्याच्या पाचपट! वेग ताशी ९ कि.मी.पर्यंत उतरवला तरी १५० वॉटपेक्षा थोडी अधिकच लागते. येथे एकट्या माणसाचे काम संपते आणि मोटरची खरी परीक्षा सुरू होते.

या परीक्षेत एक अडचण आहे. स्वस्त सायकलींमध्ये मोटर बहुधा मागच्या चाकाच्या तुंब्यातच बसवलेली असते. चाक जितके हळू फिरते, तितकी मोटरही हळू फिरते. मोटरचा पीळ विद्युतप्रवाहावर अवलंबून असतो आणि तारांमध्ये निर्माण होणारी उष्णता त्याच प्रवाहाच्या वर्गावर. तेव्हा एक ठरावीक पीळ द्यायचा तर उष्णता तेवढीच निर्माण होते. मात्र चाक एक तृतीयांश वेगाने फिरत असेल, तर उपयुक्त काम एक तृतीयांशच होते. म्हणून लांब चढावर अशी मोटर तापते आणि तिची कार्यक्षमता घटते. काही महागड्या सायकलींमध्ये मोटर पायडलच्या आसाशी असते. तिची शक्ती साखळीतून जाते, त्यामुळे गिअर बदलून मोटरला तिच्या सोयीच्या वेगाने फिरवता येते.

दुसरा फरक संवेदकाचा. साधा संवेदक पायडल फिरते आहे की नाही एवढेच पाहतो आणि बहुधा पायडल थोडे फिरल्यावरच मोटर सुरू करतो. सपाटीवर हे जाणवत नाही. चढाच्या मध्यावर थांबून पुन्हा निघताना मात्र ते पहिले अर्धे चक्र पूर्णपणे पायाच्या जोरावर काढावे लागते. दुसऱ्या प्रकारचा संवेदक पायाचा दाब मोजतो. पाय रोवताच मोटर मदतीला येते.

बॅटरीबद्दलची भीती

दुकानात बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, “एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर?” पण चढ चढायला ऊर्जा किती लागते? ९० किलो वस्तुमान ६० मीटर उंच न्यायला ९० × ९.८ × ६० = सुमारे ५३ हजार ज्यूल, म्हणजे जेमतेम १५ वॉट-तास लागतात. मोटरमधील व्यय धरून वीस-बावीस म्हणू. ३६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-तासाच्या लहान बॅटरीतही २७० वॉट-तास असतात. पायडल मारत चालवल्यास कि.मी.ला सुमारे १० वॉट-तास खर्च होतात असे धरले, तर पंचवीस कि.मी. सहज निघतात. बाईंचा जाऊन-येऊन प्रवास बारा कि.मी.चा. म्हणजे त्यांच्या बाबतीत प्रश्न ऊर्जेचा नव्हताच. प्रश्न होता शक्तीचा. नववी-दहावीच्या वर्गात ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक समजावताना याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण आहे.

मग जागा कशी शोधावी?

प्रथम आपल्या रोजच्या वाटेवरील सर्वांत कठीण चढ मोजावा. त्यासाठी एक मीटर लांबीची सरळ फळी, गवंड्याची पाणसळ आणि मोजपट्टी एवढे पुरे. फळीचे एक टोक चढाच्या वरच्या बाजूला रस्त्यावर टेकवायचे आणि दुसरे टोक पाणसळीचा बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचलायचे. त्या टोकाखाली जितके सेंटिमीटर अंतर, तितके टक्के चढ. रहदारी नसताना, कडेला, दोन-तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी. बाईंच्या शाळेजवळच्या चढावर आम्हाला सहा सेंटिमीटर मिळाले.

मग असा किंवा याहून अधिक चढ दुकानाच्या जवळपास कुठे आहे ते पाहावे. उड्डाणपुलाचा चढ बहुधा तीन-चार टक्क्यांचाच असतो, तो पुरेसा नाही. मोठ्या इमारतींच्या वाहनतळाकडे जाणारे उतार बरेच खडे असतात. परवानगी मिळाल्यास रिकाम्या वेळी त्यांचा उपयोग होतो. ओळखपत्र आणि अनामत ठेवून अर्धा तास सायकल देणारा दुकानदार मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास, आपल्याच भागात तीच सायकल वापरणारे कोणी आहे का, हे त्याच्याकडून विचारून घ्यावे.

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे दोन-चार दिवस भाड्याने घेणे. परदेशात हे काम सार्वजनिक सायकली करतात. पॅरिसच्या ‘वेलिब’ योजनेत २०१८ पासून विजेच्या सायकली आहेत, तर लंडनच्या सार्वजनिक सायकलींमध्ये त्या २०२२ साली आल्या. तेथील नागरिक थोड्या पैशांत हव्या त्या चढावर त्या चालवून पाहू शकतो. पुण्यात २०१७ च्या अखेरीस सामायिक सायकलींची योजना सुरू झाली होती, पण ती टिकली नाही. मुंबई परिसरात ‘युलू’ची भाड्याची विजेची वाहने मिळतात. मात्र त्यांच्या नेहमीच्या वाहनांना पायडल नसते. त्यामुळे त्यांवरून पायडलच्या सायकलीचा अंदाज बांधू नये.

कायद्याची एक बाजूही लक्षात ठेवावी. आपल्याकडे ज्या मान्यताप्राप्त वाहनाची अर्ध्या तासाच्या चाचणीतील शक्ती २५० वॉटपेक्षा कमी व कमाल वेग ताशी २५ कि.मी.पेक्षा कमी असतो, त्याला नोंदणी व चालक परवाना लागत नाही. ‘चढावर हवी म्हणून जास्त शक्तीची देतो’ असे दुकानदार म्हणाल्यास ती सायकल राहत नाही, मोटारवाहन होते. तेव्हा मान्यतेचे प्रमाणपत्र मागून पाहावे.

चढावर काय पाहावे?

आपले रोजचे ओझे बरोबर घ्यावे आणि बॅटरी निम्मी उतरलेली असावी, कारण उतरलेल्या बॅटरीचा दाब चढावर आणखी पडतो. मग पाच गोष्टी कराव्यात. थांबल्यापासून चढ चढावा. चढाच्या मध्यावर मुद्दाम थांबून पुन्हा निघावे. मोटर बंद करून सपाटीवर अर्धा कि.मी. चालवावी, कारण वाटेत बॅटरी संपली तर तेच करावे लागेल. उतरताना दोन्ही ब्रेक तपासावेत. चढताना साठवलेली ती ५३ हजार ज्यूल ऊर्जा उतरताना मुख्यतः ब्रेकलाच जिरवावी लागते. आणि शेवटी, घरी जिने असतील तर सायकल उचलून पाहावी.

एका रविवारी सकाळी आम्ही बाईंनी पसंत केलेलीच सायकल एका ओळखीच्या गृहस्थांकडून मागून आणली. पिशवीत वह्या घातल्या. चांदणी चौकाचा चढ तिने हळूहळू का होईना, पण चढला. शाळेजवळच्या चढावर मात्र मध्येच एक रिक्षा आडवी आली आणि बाईंना थांबावे लागले. तेथून त्यांना निघताच येईना. तीनदा प्रयत्न करून त्या उतरल्या आणि पंचवीस किलोची सायकल ढकलत वर नेली. “शाळेच्या मुलांसमोर रोज हे करायचे होते तर मला!” त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पायाचा दाब मोजणारा संवेदक असलेली दुसरी सायकल तीन दिवस भाड्याने घेतली. त्याच चढावर, त्याच ओझ्यासह, मध्यावर थांबून ती निघाली. तिची किंमत नऊ हजारांनी जास्त होती. बाईंनी खरेदी चार महिने पुढे ढकलली, पैसे जमवले आणि तीच घेतली. यंदाच्या जूनपासून त्या सायकलने शाळेत जातात.

आपल्या शाळेतही हा उपक्रम घेता येईल. विद्यार्थ्यांचे गट करून शाळेकडे येणाऱ्या रस्त्यांचे चढ फळी आणि पाणसळीने मोजावेत, गावाच्या नकाशावर टक्के लिहावेत आणि प्रत्येक चढावर ९० किलोसाठी किती वॉट लागतील याचा तक्ता करावा. तो तक्ता सूचनाफलकावर लावावा. सायकल घेऊ इच्छिणाऱ्या गावातील कोणालाही, ती कुठे चालवून पाहावी, हे त्यावरून कळेल.