पोटात बाळ, हातात कर्जाचा अर्ज

ताडीवाला रोडची एक खोली सोडून धानोरीत दोन खोल्या घ्यायच्या, असे आम्ही उभयतांनी ठरवले तेव्हा सहावा महिना चालू होता. दोघांच्या पगारावर कर्जाचा अर्ज केला. बँकेतले साहेब कागद कमी आणि पोट जास्त पाहत होते. "बाळंतपणानंतर नोकरी करणार का? नाहीतर एकच पगार धरतो." (हा प्रश्न बाळाच्या बापाला मात्र कोणी विचारला नाही!) एका पगारात घर बसत नव्हते.

बाळंतपणाची रजा म्हणजे पगार बंद, असा साहेबांचा समज. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत, आधीच्या वर्षात ८० दिवस काम झाले असेल, तर २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा मिळते. कारखान्यातल्या बायांना असा लाभ मिळावा, म्हणून बाबासाहेब १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बोलले होते. आम्ही ऑफिसातून रजेची तारीख, पगार आणि पुन्हा रुजू होण्याचा दिवस असे पत्र लिहून आणले. दोन्ही पगार धरले गेले.

भगिनींनो, एक सांगायचे राहिले. खरेदी फक्त स्त्रीच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आम्ही जोडीने घेतले, ती हुकली.