हरवलेल्या मिलिअँपिअरचा शोध

घरात येणारा वीजप्रवाह फेजच्या तारेने आत येतो, उपकरणातून फिरतो आणि न्यूट्रलच्या तारेने परत जातो. वायरिंग निर्दोष असेल तर जेवढा प्रवाह आत गेला, तेवढाच बाहेर पडतो. हा हिशेब जुळला नाही, म्हणजे आत गेलेल्या प्रवाहाचा काही अंश गिझरच्या पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीकडे वळला, तर तत्काळ पुरवठा तोडणारे एक साधन नव्या घरांच्या डीबीत, म्हणजे एमसीबींच्या पेटीत, बसवलेले असते. त्याचे आजचे तांत्रिक नाव आरसीसीबी असले तरी दुकानात आणि वायरमनच्या तोंडी ते ईएलसीबीच आहे. ते वारंवार पडू लागले की घरातली माणसे वैतागतात आणि एखादा वायरमन त्याच्या वरच्या व खालच्या तारा थेट जोडून ‘डायरेक्ट’ करून देतो. हा उपाय जीवघेणा आहे, कारण पडणारे ईएलसीबी बहुतेक वेळा खरे बोलत असते आणि ते काय सांगते आहे, हे थोड्या पद्धतशीर तपासणीने घरातल्या घरात बरेचसे समजून घेता येते.

त्याची रचना सोपी आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात आणि दोन्ही प्रवाह समान व विरुद्ध दिशेचे असल्यामुळे त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना रद्द करतात. त्यांत फरक पडला की कड्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या वेटोळ्यात सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो आणि तो खटका पाडतो. घरगुती वापरासाठीच्या साधनावर ३० मिलिअँपिअर असा आकडा छापलेला असतो. त्याच्या निम्म्या, म्हणजे १५ मिलिअँपिअरपर्यंतच्या गळतीला ते पडू नये आणि ३० ला पडलेच पाहिजे, अशी मानकाची अपेक्षा आहे. पुरवठा ३० मिलिअँपिअरच्या गळतीला ०.३ सेकंदात आणि तिच्या पाचपट गळतीला ०.०४ सेकंदात तुटावा लागतो.

एमसीबी असताना याची गरज काय, हा प्रश्न अनेकांना पडतो. १६ अँपिअरचा एमसीबी तारा तापून आग लागू नये यासाठी असतो आणि १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाचे स्नायू मात्र १० मिलिअँपिअरच्या आसपासच आखडू लागतात, त्यामुळे हातात धरलेली वस्तू सोडवत नाही, आणि ३० च्या पुढचा प्रवाह काही काळ छातीतून वाहिला तर श्वसन आणि हृदयाची लय दोन्ही धोक्यात येतात. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला तर २३० व्होल्टच्या पुरवठ्यातून शरीरात साधारण २३० मिलिअँपिअर उतरतात. एवढ्याने माणूस दगावू शकतो, पण एमसीबीच्या दृष्टीने तो जेमतेम एका साध्या दिव्याएवढा भार असतो. अर्थिंग असले तरी भागत नाही. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध २० ओहम असेल, आणि कोरड्या मुरमाड जमिनीत तो तेवढा सहज असतो, तर गिझरच्या पत्र्यावर फेज उतरल्यावर जमिनीत जाणारा प्रवाह साडेअकरा अँपिअरच होतो, १६ अँपिअरचा एमसीबी जागचा हलत नाही आणि पत्रा जिवंत राहतो. ईएलसीबीला तोच खड्डा पुरेसा ठरतो. मात्र अर्थिंग मुळीच नसेल, तर ते माणसाचा हात लागेपर्यंत वाट पाहते आणि झटका बसल्यावर पडते, म्हणून दोन्ही गोष्टी सोबतच असाव्या लागतात.

अमेरिकेत हेच तत्त्व सॉकेटमध्ये आणले गेले. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी माणसाच्या शरीरावर होणाऱ्या वीजप्रवाहाच्या परिणामांचा दीर्घ अभ्यास केला आणि १९६१ मध्ये अशा साधनाची रचना मांडली. पुढे तेथील विद्युत संहितेने १९७५ मध्ये स्नानगृहांसाठी आणि १९८७ मध्ये स्वयंपाकघरांसाठी असे संरक्षण सक्तीचे केले. जीएफसीआय या नावाचे ते सॉकेट सुमारे ५ मिलिअँपिअरलाच तुटते, कारण माणसाला हात सोडवता आला पाहिजे, हा त्यामागचा निकष आहे. तिकडे राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना एक गोष्ट गोंधळात टाकते: एकाच जीएफसीआयच्या ‘लोड’ या टोकांवरून पुढची अनेक साधी सॉकेटे जोडलेली असतात, त्यामुळे स्नानगृहातले सॉकेट बंद पडले तरी तुटलेला खटका गॅरेजमध्ये किंवा दुसऱ्या स्नानगृहात सापडतो.

भारतात संरक्षण डीबीत असल्यामुळे एक दोष झाला की सगळे घर अंधारात जाते आणि दोषाचा माग काढावा लागतो. या शोधात सर्वांत जास्त फसवणूक भिंतीवरची बटणे करतात. आपल्याकडचे बटण बहुधा फक्त फेज तोडते. न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि उपकरणात न्यूट्रलची तार पत्र्याला किंवा अर्थिंगला टेकली असेल तर बटण बंद करून काहीच साध्य होत नाही. म्हणून तपासणीची सुरुवात प्रत्येक प्लग सॉकेटमधून ओढून काढण्यापासून करावी आणि सगळे एमसीबी खाली करावेत. मग ईएलसीबीचा खटका आधी पूर्ण खाली दाबून वर करावा, कारण काही साधनांत पडलेला खटका मध्येच अडकून राहतो. यानंतर एकेक एमसीबी वर करत जावे, ते सगळे टिकले तर एकेक उपकरण जोडावे, आणि ज्याच्या जोडणीने खटका पडेल ते बाजूला ठेवून बाकीचे घर सुरू करावे.

सर्व प्लग काढूनही खटका पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा कायम जोडलेल्या पंख्यादिव्यांत असतो. घरगुती एमसीबीदेखील बहुधा एकाच ध्रुवाचा असतो, तो न्यूट्रल तोडत नाही. त्यामुळे भिंतीतल्या नळीत न्यूट्रलची तार अर्थिंगच्या तारेला टेकली असेल तर परतीच्या प्रवाहाचा काही भाग अर्थिंगमधून निसटतो, आणि हे दोष नसलेल्या खोलीत इस्त्री लावली तरी घडते. बिचाऱ्या इस्त्रीवर आळ येतो, ती दुरुस्तीला जाते आणि खटका पडतच राहतो. अशा वेळी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल सोडवून मेगरने, म्हणजे उच्च दाबाखाली तारांच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, तपासणी करून घेणे हाच मार्ग आहे. डीबी उघडण्याचे काम घरच्यांनी करू नये.

खटका कधी पडतो, याची नोंद ठेवली तर अर्धे निदान तिथेच होते. गिझर सुरू केल्यावर काही मिनिटांनी पडत असेल तर तापल्यावर गळणारे एलिमेंट जवळजवळ नक्की समजावे. क्षारयुक्त पाण्याच्या भागांत त्याच्या नळीवर थर चढून ती तडकते, आणि महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या गिझरच्या एलिमेंटमधली भुकटी दमट होऊन थंडीच्या पहिल्याच दिवशी खटका पाडते. फक्त पावसात पडत असेल तर फाटकावरचा दिवा, गच्चीवरचे सॉकेट, पाण्याच्या मोटरचा जोड आणि ओल आलेल्या भिंतीतला जंक्शन बॉक्स पाहावा. कोणतेही एक उपकरण दोषी ठरत नसेल, तर गळत्यांची बेरीज झालेली असते: संगणक, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी यांच्या आतल्या फिल्टरांतून प्रत्येकी थोडा प्रवाह अर्थिंगकडे जातच असतो, तो दोष नसतो, पण सगळे मिळून १५ च्या जवळ गेले की किरकोळ निमित्तही पुरते. त्यावर उपाय म्हणजे घर दोन-तीन ईएलसीबींत विभागणे, आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या सर्किटवर ‘एसी’ प्रकाराऐवजी ‘ए’ प्रकाराचे साधन बसवणे, कारण अशा उपकरणांतून निघणारी एकाच दिशेची, स्पंदित गळती त्यालाच नीट ओळखता येते.

घरचा इन्व्हर्टर हा आपल्याकडचा खास गुंता आहे. इन्व्हर्टरवर टाकलेल्या दिव्यांचा फेज वेगळा ओढला जातो, पण न्यूट्रल मात्र घराच्या सामायिक न्यूट्रलपट्टीवरच राहतो, आणि मग ईएलसीबीतून गेलेला व परतलेला प्रवाह जुळत नाही. इन्व्हर्टर बसवल्यापासूनच खटका पडू लागला असेल तर न्यूट्रल वेगळा करून घ्यावा. उलट बाजू अधिक गंभीर आहे: वीज गेल्यावर मुख्य ईएलसीबी इन्व्हर्टरच्या सर्किटांचे रक्षण करीलच असे नाही, त्यामुळे त्यांना स्वतंत्र साधन हवे आणि ते इन्व्हर्टरवर चालताना खरोखर पडते का, हे ठेकेदाराने मोजून दाखवावे.

देखभाल म्हणजे मुख्यतः ‘टी’ अक्षर कोरलेले बटण दर महिन्याला दाबणे. हे बटण एका रोधकातून थोडा प्रवाह कड्याला वळसा घालून नेते आणि कृत्रिम गळती तयार करते. आधी संगणक बंद करावा, पुरवठा चालू असताना बटण दाबावे. खटका पडलाच पाहिजे. वर्षानुवर्षे न हललेल्या यंत्रणेत धूळ आणि दमटपणा साचून ती आखडते, कोकणच्या खाऱ्या हवेत तर लवकरच, आणि नियमित हालचालीने ती मोकळी राहते. मात्र या बटणाने फक्त ते साधन तपासले जाते, अर्थिंग नव्हे. अर्थिंगचा रोध वेगळा मोजावा लागतो आणि तो उन्हाळ्याच्या अखेरीस, जमीन सर्वांत कोरडी असताना मोजलेला चांगला. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकाच वेळी स्पर्श झाला तर जमिनीकडे गळती होत नाही आणि ईएलसीबी पडत नाही, म्हणून उघड्या जोडावर काम करताना त्याच्या भरवशावर राहू नये. बटण दाबूनही खटका पडला नाही, तर साधन त्याच दिवशी बदलावे, आणि नवे बसवल्यावर ठेकेदाराकडून किती मिलिअँपिअरला व किती वेळात ते पडते हे मोजून घेऊन तो आकडा तारखेसह डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा.