शेवटची खोली थंड का?

रेडिएटर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोटारीच्या पुढच्या बाजूची जाळी येते. तिचे काम इंजिन थंड ठेवण्याचे. थंड प्रदेशांतील घरांत मात्र याच नावाचे उपकरण खोली उबदार ठेवते. तत्त्व दोन्हीकडे एकच: गरम पाण्यातील उष्णता मोठ्या पृष्ठभागामार्फत हवेला द्यायची. नाव 'रेडिएटर' असले तरी घरातल्या या उपकरणाची बरीचशी उष्णता प्रारणाने नव्हे, तर तापून वर जाणाऱ्या हवेच्या अभिसरणाने खोलीत पसरते.

संशोधनाच्या निमित्ताने मी एक हिवाळा उत्तर इंग्लंडमध्ये एका वृद्ध बाईंच्या घरी भाड्याने राहिले होते. बाईंची झोपण्याची खोली घराच्या टोकाला. पुढची खोली इतकी तापे की खिडकी उघडावी लागे आणि बाईंच्या खोलीत मात्र तापमापक १३ अंश सेल्सिअस दाखवी. थंडीत घरातील तापमान निदान १८ अंश असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. थंडीने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो. तेव्हा म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नव्हता.

बाईंचा उपाय सरळ होता: थर्मोस्टॅटचा आकडा वाढवायचा. पण थर्मोस्टॅट होता बॉयलरजवळच्या पॅसेजमध्ये. पॅसेज तापला की तो बॉयलर बंद करी. त्याला टोकाच्या खोलीचा पत्ताच नसे. गॅसचे बिल वाढले, खोली थंडच राहिली.

अशा वेळी पहिले उपकरण म्हणजे आपला हात. रेडिएटर नेमका कोठे थंड आहे, हे जपून चाचपून पाहायचे. तीन शक्यता असतात.

पहिली: वरचा भाग थंड, खालचा गरम. याचा अर्थ आत वायू अडकला आहे. पाणी तापले की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते, हे गॅसवर ठेवलेल्या पातेल्याच्या तळाशी जमणाऱ्या बुडबुड्यांवरून आपल्याला ठाऊक आहे. शिवाय पोलाद गंजताना थोडा हायड्रोजनही तयार होऊ शकतो. हलका वायू वर साचतो आणि तेवढ्या जागेत पाणी पोहोचत नाही. उपाय सोपा. पंप बंद करायचा, पाणी निवू द्यायचे, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातील छोटा स्क्रू चावीने अर्धा फेरा सैल करायचा. फुस्स आवाज थांबून पाणी ठिबकू लागले की स्क्रू आवळायचा. मग यंत्रणेतील पाण्याचा दाब तपासून गरजेपुरते पाणी भरायचे.

दुसरी: खालचा मधला भाग थंड, बाकी गरम. हा गाळाचा प्रताप. हीच पाण्याची फेरी वर्षानुवर्षे चालते आणि आतल्या पोलादापासून मॅग्नेटाइट हे काळे लोह ऑक्साइड बनते. ते जड असल्याने तळाशी बसते व पाण्याची वाट अडवते. अशा वेळी रेडिएटर उतरवून धुवावा लागतो. मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटते, म्हणून तो अडवण्यासाठी नळाच्या मार्गात चुंबकीय गाळणी बसवतात. वारंवार नवे पाणी भरले, तर त्याबरोबर नवा ऑक्सिजन येतो आणि गंज वाढतो.

तिसरी: एक रेडिएटर सगळाच कोमट, बाकीचे कढत. बाईंच्या खोलीचे दुखणे हेच होते. सगळे रेडिएटर समांतर जोडणीत असतात. विद्युत मंडलात कमी रोधाच्या फांदीतून जास्त प्रवाह वाहतो, तसेच येथेही. बॉयलरजवळच्या रेडिएटरची वाट आखूड, रोध कमी; पाणी तिकडूनच परत फिरते. आपल्या इमारतींत खालच्या मजल्यावरचे नळ सोडले की वरच्या नळाची धार बारीक होते, त्याचाच हा भाऊबंद.

आता थोडे गणित. १ किलोवॅट उष्णता देणाऱ्या रेडिएटरमध्ये पाणी ७० अंशांवर शिरते व ५० अंशांवर बाहेर पडते असे समजू. पाण्याची विशिष्ट उष्णता सुमारे ४२०० ज्यूल प्रतिकिलोग्रॅम प्रतिअंश. म्हणजे मिनिटाला फक्त ०.७ लिटर पाणी पुरते. याच रेडिएटरला कितीही जास्त पाणी दिले, तरी त्याचे सरासरी तापमान ६० वरून ७० अंशांपलीकडे जाऊ शकत नाही. खोली २० अंशांवर असेल, तर तापमानातील फरक ४० वरून ५० होतो, आणि उष्णता फार तर तिसऱ्या हिश्शाने वाढते. गोम येथेच आहे: जवळच्या रेडिएटरचे पाणी कमी केले तर त्याचे फारसे बिघडत नाही, पण वाचलेले पाणी दूरच्या उपाशी रेडिएटरला मिळाले तर त्याचे भले होते.

त्यासाठी प्रत्येक रेडिएटरला दुसऱ्या टोकाला टोपीखाली झाकलेली एक झडप असते. प्रथम सर्व झडपा उघडून कोणता रेडिएटर आधी तापतो ते टिपायचे. मग सर्वांत आधी तापणाऱ्याची झडप जवळजवळ बंद करायची, त्यानंतरच्याची थोडी कमी, असे करत शेवटच्याची पूर्ण उघडी ठेवायची. प्रत्येकाच्या आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या नळांच्या तापमानांतील फरक सारखा होईपर्यंत हे चालते. आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. प्रत्येक फेऱ्यानंतर थांबावे लागते, कारण एक झडप हलवली की सगळ्यांचाच वाटा बदलतो. तिसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीत १९ अंश होते, आणि थर्मोस्टॅटचा आकडा आम्ही खाली आणला होता.

हे वर्गात करून पाहता येईल. उंचावर ठेवलेल्या बादलीतून मत्स्यपेटीची बारीक नळी काढा. तिला वेगवेगळ्या अंतरांवर टी-जोड लावून तीन फाटे काढा. तिन्ही तोंडे एकाच उंचीवर ठेवा आणि मिनिटभर प्रत्येकाचे पाणी मोजपात्रात घ्या. मग सर्वांत जवळचा फाटा चिमट्याने थोडा दाबून पुन्हा मोजा. दूरच्या फाट्याचे पाणी किती वाढले? आणि तिन्ही फाट्यांना सारखे पाणी मिळण्यासाठी कोणता चिमटा किती दाबावा लागला? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.