खाडीपासून घाटपायथ्यापर्यंत

कोंकणचा प्रवास म्हटला, कीं समुद्र, माड आणि होड्या यांचेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आज मी आपणांस खाडीकडे पाठ करून चालावयास सांगणार आहें.

कल्याण सोडलें, कीं दोन वाटा फुटतात. आगगाडी कसाऱ्याकडे निघते. तिनें आसनगांवीं उतरून शहापुरास जातां येतें. दुसरी, मोटारीची वाट मुरबाडवरून माळशेज घाटाकडे जाते. श्रावणांत यांपैकीं कोणतीही धरावी. खाचरांतील भात पोपटी झालेला असतो, माहुलीचे सुळके ढगांत बुडालेले असतात आणि सह्याद्रीच्या कड्यांवरून पांढरे ओघ सुटलेले दिसतात. प्रवासी त्यांनीं मोहित होतो. तें पाणी जातें कोठें, हें मात्र सहसा विचारीत नाहीं.

हा काळा खडक लाव्ह्याचे थरांवर थर साचून झालेला आहे. तो कठीण, वरील माती पातळ आणि उतार तीव्र. वर्षाकाठीं साधारण शंभर इंच पडणारा पाऊस चार महिन्यांत उरकतो व त्यांतील थोडाच जमिनींत मुरतो. बाकीचा काळू, भातसा या नद्यांतून उल्हासेस मिळून खाडीवाटे समुद्रास जातो. जें पाणी अडविलें, त्याचीही दिशा बहुतांशीं तीच. तानशाचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. पुढें भातसेवरही झालें, आणि मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वांटा आज तिचाच आहे. मुरबाडकडील बारवीचें पाणी कारखान्यांस व शहरांस जातें. शहरें उताराच्या अंगास आहेत. पाडे उंचावर, आणि तेथें पाणी चढवावें लागतें.

या भागांतील मुलांकडून मीं वर्षानुवर्षें एक वाक्य पाठ करून घेतलें: कोंकणांत पाऊस विपुल पडतो. वाक्य खरें होतें. परंतु एप्रिल उजाडला, कीं हजेरीपटावर मुलींच्या नांवांपुढें गैरहजेरीच्या खुणा वाढूं लागत. त्या कोठें गेल्या, हें मला कोणास विचारावें लागत नसे.

शहापूर तालुक्यांतील कित्येक पाड्यांना आजही उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून श्रावणांत येऊन गेलेल्या प्रवाशानें वैशाखांत पुन्हां एकदां आसनगांवीं उतरावें. कडे तेच, पण कोरडे. ओढ्याच्या वाळूंत डवरा, म्हणजे हातानें उकरलेला खड्डा, दिसेल. त्याच्या भोंवतीं हंडे ओळीनें मांडलेले असतील. वाटीवाटीनें एक हंडा भरावयास किती वेळ लागतो, तें घड्याळ लावून पाहावें.