पहिला घुटका

ओमानमध्ये बाळ जन्मलं की घरातलं वडीलधारं माणूस मऊ केलेल्या खजुराचा कण त्याच्या तोंडात टाळूला लावतं. या रीतीला तहनीक म्हणतात. आपल्याकडे मधाचं बोट चाटवायचे. वर्षाच्या आत मध देऊ नये, असं आता डॉक्टर बजावतात. समजूत दोन्हीकडे एकच, तोंडात गोड पडलं की बाळ ते गिळणारच. काही बाळांना नेमकं तेच जमत नाही.

एका घुटक्यामागे तिसेक स्नायू आणि मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या पाच जोड्या राबतात. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बाळाला गर्भाच्या साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. मज्जासंस्थेच्या आनुवंशिक आजारात हा मेळच बिघडतो.

हे सगळ्यांत आधी कळतं ते पाजणाऱ्या आईला. बाळ भुकेनं स्तनाला लागतं, चार घोट ओढतं आणि दमून थांबतं. ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळतं. मग ठसका लागतो, कधी नाकातून दूध येतं. एकेका पाजण्याला पाऊण तास जातो आणि तरी वजन वाढत नाही. ज्या बाळाला ठसकाही लागत नाही, त्याची काळजी अधिक. दूध गुपचूप श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. अशा वेळी बेरियम मिसळलेलं दूध पाजून क्ष-किरणांखाली पाहिलं की दूध कुठं जातंय ते दिसतं.

ओमानमध्ये या प्रश्नाला नात्यातल्या लग्नांची बाजू आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या राजब आणि पॅटन यांच्या पाहणीत तिथली निम्म्याहून अधिक लग्नं नात्यात किंवा एकाच टोळीत झालेली आढळली. अरब समाजात काकाच्या मुलीशी लग्नाची जुनी रीत आहे. आपल्याकडे चुलत भावंडांचं लग्न निषिद्ध, पण दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची पद्धत अनेक घरांत चालत आली. जनुकांना काका आणि मामा यांतला फरक कळत नाही. सख्ख्या चुलत किंवा मामे-आते भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं सारखी असतात. दोघांकडेही तोच सदोष जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. नात्यातल्या बहुतेक जोडप्यांना निरोगी मुलं होतात, हेही तितकंच खरं. म्हणून दोष सुनेला देऊ नये, आणि घराण्यालाही नाही.

पूर्वी अशा बाळांसाठी फारसं काही करता येत नसे. आता तसं नाही. सौदी अरेबियात १९९८ साली ओझांद आणि सहकाऱ्यांनी मुलांमधल्या एका आजाराचं वर्णन केलं. त्यात बोलणं अडखळतं, गिळणं थांबतं, हातपाय ताठरतात. आणि बायोटिन हे साधं जीवनसत्त्व भरपूर मात्रेत दिलं की मुलं सुधारतात. पुढं थायमिनचीही गरज कळली. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या आजारात अगदी कोवळ्या वयात गिळण्याची ताकद जाते. त्याचा जनुक १९९५ साली सापडला, पहिलं औषध २०१६ साली आलं आणि जनुक-उपचार २०१९ साली. यांतलं कोणतंही औषध जितक्या लवकर मिळेल तितकं वाचवतं. मेलेली चेतापेशी परत येत नाही.

औषध नसलं तरी पोषण थांबवायचं नसतं. बाळाला कुशीवर धरून सावकाश पाजणं, नाकातून नळी, आणि ती दीर्घकाळ लागणार असेल तर थेट पोटात नळी. दुर्बिणीच्या मदतीनं अशी नळी पहिल्यांदा १९७९ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला बसवली गेली. तो रुग्ण साडेचार महिन्यांचं बाळच होतं. नळी म्हणजे हार, असं अनेक आजी-आजोबांना वाटतं. खरं तर भुकेलं आणि गुदमरणारं बाळ त्या नळीनं पहिल्यांदा पोटभर जेवतं.

मस्कतला राष्ट्रीय आनुवंशिकी केंद्र आणि सुलतान काबूस विद्यापीठाचं रुग्णालय आहे. आपल्याकडे २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात मुंबईचं केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र म्हणून आहे. सोय आहे, तिथवर पोचायला उशीर होतो. वाटेत पडजीभ वर करणं, दृष्ट काढणं आणि 'वाढेल हळूहळू' यांत आठवडे जातात.

म्हणून वाचकहो, एवढं लक्षात ठेवा. दूध पिताना बाळ वारंवार ठसकत असेल, निळसर पडत असेल, पाजणं लांबत असेल, वजन अडलं असेल, तर बळजबरीनं बोंडल्यानं पाजू नका. बालरोगतज्ज्ञांना सांगा, आणि घरात पूर्वी असं बाळ दगावलं असेल तर तेही लपवू नका. आई 'याला गिळता येत नाही' म्हणाली, की तिचं पहिल्याच दिवशी ऐका.